सकाळची प्रत

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून बघत. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, बिस्किटांचा पुडा, ऑफिसात आलेलं टपाल, काहीही असो. मागची बाजू वाचून झाली की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचं, "ह्याच्यावर सही कुणाची हाय?"

एकदा मी त्यांना माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली. त्यांनी ती उलटी केली. मागे छापखान्याचं नाव होतं. "छापखाना बरा हाय," ते म्हणाले, "पण मुलगा कुणी बघितलान?"

"मामांनी."

"मामांनी स्वतः बघितलान, की मामांना कुणी सांगितलान?"

मला राग आला. पण घरी जाऊन मी आईला तेच विचारलं, आणि मामांना कुणीतरी सांगितलं होतं असं निघालं. लग्न झालं, संसारही छान चालला आहे. तरी मांडवात बसल्या बसल्या माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली, ती त्यांच्या कृपेने.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तो वाईट नसतो, भांडखोर नसतो, पण त्याच्या शेजारी बसलं की आपल्याला आपल्याच शर्टाची बटणं मोजून बघावीशी वाटतात. आमच्या संगणक केंद्रात हे काम करत ते आमचे भांडारपाल. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. रत्नागिरीत एका शिक्षणसंस्थेने शाळेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून संगणक केंद्र थाटलं होतं. संस्थेच्या शाळा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या. निकाल, हजेरी, शिक्षकांच्या याद्या हे सगळं आता यंत्रावर करायचं असं वरून ठरलं. एक मोठं यंत्र, त्याला जोडलेले चार पडदे, एक छपाईयंत्र आणि आम्ही तिघे: केंद्रप्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, काका, आणि मी. मी जवळच्याच पालीची. गणितात बी. एस्सी. झाले, पुण्याला जाऊन संगणकाची पदविका घेतली आणि परत आले. वय चोवीस. आपल्याला सगळं येतं, असं वाटण्याचं वय.

काका पन्नाशी उलटलेले. त्यांचं गाव पालीच्याही आत, डोंगराकडे. उमेदीची वीस-बावीस वर्षं मुंबईत एका गिरणीच्या हत्यारखान्यात काढलेली. गिरणी बंद पडली तसे परत आले आणि कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे लागले. संगणक म्हणजे काय हे त्यांना पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. पण कपाट म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. फ्लॉप्यांचं लोखंडी कपाट त्यांनी ताब्यात घेतलं, बुरशी येऊ नये म्हणून आत एक छोटा दिवा सोडला, तो बारा महिने जळत ठेवला, आणि कपाटाच्या दाराशी खिळ्यांची एक रांग ठोकली.

गिरणीत हत्यार घ्यायला गेलं की आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि हत्यार न्यायचं, ही पद्धत. त्यांनी ती आमच्याकडे जशीच्या तशी आणली. पितळ मिळालं नाही म्हणून पत्र्याचे बिल्ले कापून आणले, त्यांवर खिळ्याने आकडे ठोकले. सरांना एक, मला दोन. फ्लॉपी हवी तर बिल्ला अडकवा, फ्लॉपी परत आली की बिल्ला न्या.

"काका, आपण ऑफिसात माणसं तीन," मी म्हटलं. "फ्लॉपी तुमच्याकडे नसली आणि सरांकडे नसली, तर कुठे असेल?"

"ता मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन तुला आठवायला नको?"

माझा स्वभावही काही कमी संशयी नाही, हे इथेच सांगून टाकते. ते रोज दुपारी बरोबर साडेबाराला एक पत्र्याचा डबा काखेत मारून बाहेर पडत आणि सव्वा वाजता परत येत. डबा जेवणाचा म्हणावा तर ते ऑफिसात येऊन पुन्हा जेवत. डब्याला कुलूप असे. मला खात्री होती की हा माणूस कपाटातल्या फ्लॉप्या बाहेर नेऊन त्यांच्या प्रती काढून कुणाला तरी देतो. इतका कडक पहारेकरी आतून साधा असणं शक्यच नाही, असा माझा हिशेब. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी काही चोरलं नव्हतं, तरी मला सगळीकडे चांदणंच दिसत होतं.

डब्याचा उलगडा मला सरांकडून झाला. काकांची एकुलती एक मुलगी संस्थेच्याच मंडणगडच्या शाळेत शिक्षिका होती. जावई मुंबईला. मुलीची मुलगी, तीन वर्षांची, रत्नागिरीत काका-काकूंकडे. मुलगी शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने निघायची, दिवस मावळता पोचायची आणि रविवारी दुपारची गाडी धरून परत जायची. काकू दुपारी दवाखान्यात झाडलोटीच्या कामाला जात, तेवढा पाऊण तास नात एकटी पडे. म्हणून काका घरी जायचे. डब्यात रंगीत खडू, चिंचोके आणि एक बाहुली असायची. बाहुली घरी ठेवली तर नात तिचे केस उपटते, म्हणून ते ती कुलूप लावून बरोबर वागवत.

"पोर आजीला आई म्हणते," सर म्हणाले. "आणि आईला ताई. दोन वर्षं बदलीचा अर्ज करतायत, लागत नाही."

म्हणजे काकांना हवं होतं ते एवढंच: मुलीची मंडणगडहून रत्नागिरीला बदली. आणि बदल्यांची यादी आमच्याच यंत्रातून निघणार होती. आता सांगा, माझ्यासारखीच्या मनात काय आलं असेल? कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याच मुलीचं नाव यादीत. मी त्या दिवसापासून त्यांच्यावर आणखी बारीक नजर ठेवली.

बदलीचे नियम साधे होते. लांबच्या शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षाला काही गुण, नवरा-बायको वेगळ्या गावी असतील तर काही गुण, आजारपणाला काही गुण. बिनपगारी रजा घेतली असेल तर तेवढे गुण वजा. ज्याचे गुण जास्त त्याला आधी बदली. त्या वर्षी रत्नागिरीच्या शाळेत जागा एकच रिकामी होत होती.

हा प्रोग्राम मी लिहिला. आपण लिहितो ते यंत्राला थेट कळत नाही. ते यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा आणखी एक प्रोग्राम लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. काका त्याला हत्यार म्हणायचे, आणि ते काही चुकीचं नव्हतं. आमचं हत्यार यंत्राच्या कंपनीने पाच फ्लॉप्यांवर दिलेलं होतं. प्रत्येक फ्लॉपीवर छापील लेबल, लेबलवर आवृत्तीचा नंबर. कंपनीने तपासून, नंबर घालून बाहेर सोडलेलं, ज्याला आम्ही रिलीज म्हणायचो. पण ते जुनं होतं आणि भलतंच मंद. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की अर्धा तास बसून राहायचं.

पुण्याचा माझा एक वर्गमित्र नवा कंपायलर तयार करणाऱ्या मंडळींत कामाला होता. मार्चमध्ये मी पुण्याला गेले तेव्हा त्याने मला चालू कामाची अख्खी प्रत फ्लॉप्यांवर काढून दिली. अजून रिलीज व्हायचं होतं, पण चौपट वेगवान. "आज सकाळचीच आहे," तो म्हणाला, जणू काही ताजी कोथिंबीर देत होता. मी ती छातीशी धरून रातराणीने परत आले.

काकांनी फ्लॉप्या हातात घेतल्या आणि उलट्या केल्या. मागे काही नव्हतं. पुढे पेन्सिलीने मित्राचं अक्षर.

"नंबर कुठाय?"

"नंबर अजून पडलेला नाही. काम चालू आहे ना. ही सोमवारी सकाळची आहे."

"म्हणजे मंगळवारची वायली असणार."

"असेल. सुधारतच जातात ते."

"मग ह्यो जो आपल्याकडे हाय, ता आणखी कुणाकडे हाय?"

मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, म्हणून मी चिडले. त्यांनी फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या आणि गिरणीतली एक हकीकत सांगितली. सूत कातायच्या चात्यांचं माप घ्यायचा गेज एकदा झिजला. नवीन गेज शिक्का मारून वरच्या खात्यातून यायचा, त्याला आठवडा लागणार. एका हुशार फिटरने झिजलेल्या गेजवरूनच नवा गेज बनवला. तोही हुबेहूब. आठवड्याच्या चात्या भंगारात गेल्या. "आनि मग विचारलानी, ह्यो गेज कुठला? तर कुनाला म्हाईत नाय. त्याच्यावर नंबरच नाय, तर पुसनार कुनाला?"

"काका, हे गिरणीचं गेज नाही," मी म्हटलं.

"नाय ना. गेज असता तर डोळ्यांनी तरी दिसला असता."

मी सरांकडे गेले. सरांना वेग आवडत असे. नवीन स्कूटरसुद्धा ते याच कारणासाठी घेणार होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. काकांनी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, फाइलला लावली आणि कपाट उघडून दिलं. नोंदवहीत मात्र त्यांनी आपल्या जाड अक्षरात लिहिलं: "काम अर्धवट असताना आणलेले." मग जुन्या हत्याराच्या पाच फ्लॉप्या कापडात गुंडाळून त्यांनी सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवल्या.

ती प्रत बसवायची म्हणजे कोण यातायात. रिलीज असतं तेव्हा सगळं तयार मिळतं: फ्लॉपी घाला, सांगेल तसं करा, संपलं. इथे माझ्या हातात फक्त त्या मंडळींनी लिहिलेला मूळ मजकूर. तो उभा करायचा तर आणखी तीन हत्यारं लागत होती, जी आमच्याकडे नव्हती. त्यातलं एक मित्राकडून टपालाने मागवलं. ते आलं, तर त्याला उभं करायला चौथं लागलं. सतरा दिवस गेले. काका रोज सकाळी येऊन पडद्याकडे बघत आणि एकच वाक्य टाकून जात. "सुतार पटाशी-किकरंच घडवत बसला, तर पाट कधी होनार गो बाय?"

अठराव्या दिवशी ते चाललं. आणि काय चाललं म्हणून सांगू. अर्ध्या तासाचं काम सात-आठ मिनिटांत. मी डोक्यातली पाच नावं घेऊन गुण काढून बघितले, पाचही बरोबर आले. सरांनी चहा सांगितला. काकांनीही घेतला, पण बशीत ओतून, फुंकर घालत, दारात उभं राहून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, बदल्यांची यादी छापून निघाली. रत्नागिरीच्या एका जागेसमोर काकांच्या मुलीचं नाव होतं. गुण सत्तेचाळीस. तिच्याखाली राजापूरकडचे एक मास्तर, पंचेचाळीस.

सर खुर्चीतून उठले. "काका, झालं काम. पेढे आणा."

काकांनी यादी घेतली. तीही त्यांनी उलटी केली. मग सुलटी करून मुलीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते गुणांपर्यंत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद यायला लागला होता. तो मी स्वतः बघितला. मग तो थांबला.

"पेढे सही झाल्यावर," ते म्हणाले. संस्थेच्या चिटणीसांची सही सोमवारी व्हायची होती.

संध्याकाळी जाताना ते माझ्या टेबलाशी आले. "बाय, एकदा जुन्या हत्यारानं काढून बघशील?"

"का? बरोबर आहे की."

"असंल. एकदा काढ."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुलीची बदली झाली, तरी या माणसाला माझ्या कामावर शंका. मग रस्त्यात चालता चालता दुसराच विचार आला. हे नाटक तर नसेल? उद्या कुणी बोट दाखवलं तर म्हणायला बरं, मीच तर पुन्हा काढा म्हणत होतो. मी जुन्या हत्याराने काही काढलं नाही. त्याऐवजी शुक्रवारी, काका डबा घेऊन बाहेर पडल्यावर, मी त्यांच्या मुलीचा अर्ज फाइलमधून काढला आणि कागदावर हाताने गुण मांडले.

चव्वेचाळीस येत होते. त्यातून बिनपगारी रजेचे तीन वजा. एक्केचाळीस.

मी तीनदा मोजलं. एक्केचाळीस. यादीत सत्तेचाळीस. मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता. सापडला, असा. कपाटाची किल्ली, दुपारचा डबा, नोंदवही, सगळं मी मनात एका माळेत ओवलं. यंत्रातली तिची नोंद कुणीतरी बदलली होती, आणि कुणी ते उघड होतं. शेवटी सरांना सांगायच्या आधी काकांनाच तोंडावर विचारायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी काका आले, दिवा नीट जळतो का ते बघितलं. मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. "काका, तुमच्या मुलीचे गुण एक्केचाळीस होतात. यादीत सत्तेचाळीस आहेत. कसे वाढले?"

माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं. कळलं नसतं तरच नवल. ते खुर्चीवर बसले. मी उभीच होते.

"माज्या हिशेबानं पन येक्केचाळीस," ते म्हणाले. "बुधवारी दुपारी घरी गेलो तवाच मोजलंय मी. म्हनून तर बोललो, जुन्या हत्यारानं काढ."

"तुम्ही मोजलं होतं?"

"तिच्या रजेचे तीन गेले ता मला म्हाईत नसंल काय? पोर झाली तवा तापानं फणफणत होती, म्हनून वाढवून घेतलेली रजा. दोनदा अर्ज केलाव आमी, दोनदा ते तीन आडवे आले."

मी यंत्रातली तिची नोंद उघडली. रजा तीन, वजा तीन, सगळं जसंच्या तसं. कुणी हात लावलेला नव्हता. मग त्यांनी वरच्या कप्प्यातून कापडाचं गाठोडं काढलं, आपल्या हाताने एकेक फ्लॉपी लेबल वाचून मला दिली, आणि मी कंपनीचा जुना कंपायलर पुन्हा बसवला. त्यालाच दीड तास गेला. प्रोग्राममधलं एक अक्षर न बदलता तो पुन्हा तयार केला आणि यादी काढली.

दोन याद्या त्यांनी खिडकीच्या काचेवर एकमेकींवर धरल्या. मागून अकराचं ऊन. जिथे आकडे जुळत होते तिथे अक्षरं ठळक दिसत होती, जुळत नव्हते तिथे गिचमीड. अकरा ठिकाणी गिचमीड होती. अकराही जणांच्या नावावर बिनपगारी रजा. नवं हत्यार वजा करायच्या जागी मिळवत होतं. माझ्या डोक्यातल्या पाच नावांत एकही रजेवाला नव्हता, म्हणून मला दिसलं नाही. जुन्या यादीत रत्नागिरीच्या जागेसमोर राजापूरकडचे मास्तर होते. काकांची मुलगी चौथी.

मी पुण्याला फोन लावला. मित्र हसत म्हणाला, "अगं हो, वजाबाकीची चूक ना? ती त्या सकाळी होती. दुपारी आम्ही ती दुरुस्त केली."

मी ते काकांना सांगितलं. "मग आपल्या नशिबात सकाळ आली," ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू येत होतं, आणि ते चुकीच्या यादीमुळे नव्हतं.

सर आले. दोन्ही याद्या बघून त्यांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "काका, हे आपल्या तिघांतच आहे. सही सोमवारी व्हायची. मास्तरांचं पुढच्या वर्षी होईल. तुमची नात बघा."

काका काचेवरच्या याद्या काढून घडी घालत होते. "रिलीज हाय म्हनून जुनी प्रत देवाघरची नाय, सर," ते म्हणाले. "ती पन चुकंल कधीतरी. पन तिच्यावर नंबर हाय. त्याच नंबरची आणखी धाजनांकडे हाय, चुकली तर पुसता येईल. ह्या सकाळच्या प्रतीचं मी कुनाला पुसू? मास्तरांचे पंचेचाळीस हायत. ता द्या."

सरांनी मान खाली घातली. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्यांनी गुरुवारीच आनंदाच्या भरात मंडणगडच्या शाळेत फोन करून मुलीचं अभिनंदन केलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी काकांबरोबर एस.टी. स्टँडवर गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येत नाही. त्यांना एकटं जाऊ द्यावंसं वाटेना. मंडणगडची गाडी आली. परीक्षेच्या पेपरांमुळे मुलगी त्या शनिवारी येणार नव्हती, पण टपावर तिची ट्रंक होती. कंडक्टर ओळखीचा. "काका, पोरीची ट्रंक. बाकीचा सामान फुडच्या शनिवारी आणते बोलली," तो म्हणाला. "बदली झालीन ना?"

ट्रंक खाली उतरवली. काका तिच्यावर बसले. मला वाटलं हमाल बघतील. ते बसूनच राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. शेवटी त्यांनी कंडक्टरला विचारलं, सकाळची फेरी तुझीच ना, आणि ट्रंक परत न्यायला सांगितली.

"सुट्टी लागेलच आता," मी म्हटलं. "राहू दे की घरी."

"घरात ठेवली तर तिला नाय बोलायचा मला धीर व्हायचा नाय," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, यादीचा एक कोपरा फाडून त्यावर लिहिलं, "गुण एक्केचाळीस. तूही मोजून बघ. बाबा." चिठ्ठी ट्रंकेच्या कडीत अडकवली.

मुलगी मेमध्ये सुट्टीत आली तेव्हा केंद्रात येऊन गेली. बारीक, उन्हाने रापलेली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनेच आधी विचारलं, "एकदा बरोबर आलं होतं ना? मग दुसऱ्यांदा कशाला मोजलंत?" काका कपाटापाशी होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. उत्तराची वाट न पाहता ती जिना उतरून गेली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी काकांनी सरांपुढे एक अर्ज ठेवला. मंडणगडच्या शाळेत प्रयोगशाळेतल्या परिचराची जागा दोन वर्षं रिकामी होती. भांडारपालापेक्षा खालची. तिथे आपली बदली करावी, एवढाच मजकूर. सर म्हणाले, अहो, गुण काढावे लागतील. मी यंत्रापाशी बसणार इतक्यात काका म्हणाले, "त्याला कशाला गुण? मंडनगडला जायला रांग लागलीय काय?" अर्ज दोन दिवसांत मंजूर होऊन आला. गेली दोन वर्षं ते घर इकडे आणायची खटपट करत होते. ते जमेना, तेव्हा त्यांनी घर उचललं आणि तिकडे नेलं.

ते गेले त्या सकाळी मी स्टँडवर होते. काकू खिडकीशी, नात त्यांच्या मांडीवर, सामान टपावर. मला दोन महिने जे सलत होतं ते मी बोलून टाकलं. "काका, मी तुमच्यावर संशय घेतला होता. तुम्हीच गुण वाढवलेत असं मला वाटलं होतं."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"मग काही बोलला का नाहीत?"

"बरा केलंस गो. विश्वास ठेवला असतास, तर हातानं मोजलं असतंस काय?"

गाडी सुटली. नव्या भांडारपालाने पहिल्याच आठवड्यात कपाटाला कुलूप लावायचं सोडलं, कारण त्याच्या मते हवं ते ज्याने त्याने घ्यावं. त्या केंद्रात मी आणखी सहा वर्षं होते. सर माझं कौतुक करत, चिटणीस माझ्या यादीवर न वाचता सही करत. माझं काम एकदा पुन्हा काढून बघ, असं मला तिथे कोणीच म्हणालं नाही.